पिशवी टांगायचा खिळा

माझ्या मुलाला शी लागलेली कळत नाही. झालेलीही कळत नाही. वास आला तर कळायला हवं, पण रोजच्या वासाची नाकाला सवय होते, त्यामुळे त्याला तोही येत नाही. येतो तो शेजारच्या बाकावरच्या पोराला. आता तो नऊ वर्षांचा आहे. पहिली पाच-सहा वर्षं आम्ही हे बाहेर कुणाला सांगितलं नाही, आणि नवरा-बायकोतही धड बोललो नाही. चड्ड्या धुवायच्या, पुन्हा धुवायच्या, पावसाळ्यात त्या सिडकोच्या घरात पंख्याखाली वाळवायच्या आणि गप्प राहायचं.

त्याच्या पाठीच्या कण्याचा खालचा भाग पोटात असतानाच मिटला नव्हता. याला स्पायना बायफिडा म्हणतात. आमच्या मुलाच्या बाबतीत मज्जारज्जू आणि त्याच्या नसा कमरेवर एका पातळ पिशवीत बाहेर आलेल्या होत्या. जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्सने कसारा घाट उतरून मुंबईला, परळला नेलं. पाठ शिवली. तीन आठवड्यांनी डोक्यातलं पाणी पोटात उतरवणारी शंटची नळी बसवली. पायात स्प्लिंट घालून तो चालतो, जिने कठडा धरून चढतो.

इथे एक सांगून टाकतो. बायकोला तेव्हा घरच्यांनी आणि दारच्यांनी फार ऐकवलं. ग्रहणात काही चिरलं असशील, रात्रीची बाहेर गेली असशील. कणा मिटायचा असतो तो गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांत. तेव्हा बहुतेक बाईला आपण गरोदर आहोत हेसुद्धा कळलेलं नसतं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भ राहायच्या आधीपासून घेतली तर हा धोका बराच कमी होतो, आणि तेवढं आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ग्रहणाचा आणि विळीचा यात काही संबंध नाही. हे मी तेव्हा ठणकावून बोलायला हवं होतं. बोललो नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लघवीचं आम्हाला लवकर शिकवलं गेलं. दर चार तासांनी बारीक नळी घालून लघवीची पिशवी रिकामी करायची, नाहीतर लघवी उलटी किडनीकडे चढते. किडनी म्हटल्यावर सगळे सावध असतात, आम्हीही होतो. शीबद्दल मात्र प्रत्येक जण म्हणायचा, "मोठा होऊ द्या, मग बघू." खरं तर लघवीची पिशवी आणि गुदद्वार या दोन्हींना सांभाळणाऱ्या नसा एकाच जागेतून निघतात, माकडहाडाच्या वरच्या हाडातून. एक बिघडलं की दुसरं बिघडलेलं असणारच. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

साडेचार वर्षांचा झाल्यावर चड्डी सारखी ओली राहायला लागली. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं पातळ. आम्ही समजलो, जुलाब. माझ्या आईने जायफळ उगाळून दिलं, सुंठ दिली, डाळिंबाची साल उकळून पाजली. दूध बंद केलं, पेरू बंद, द्राक्षं बंद. नाशिकच्या पोराला हंगामात द्राक्षं बंद! जवळच्या एका डॉक्टरांनी जुलाब थांबवायचं औषध लिहून दिलं, ते महिना महिना चाललं. ते घेतलं की दोन दिवस चड्डी कोरडी राहायची, आम्हाला वाटायचं लागू पडलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याचं जेवण कमी झालं. पोट नगाऱ्यासारखं टणक. त्या वर्षात तीन वेळा लघवीचं इन्फेक्शन झालं, तिन्ही वेळा हुडहुडी भरून ताप. अधूनमधून डोकं दुखतं म्हणायचा, की आमचा जीव शंटपाशी जायचा.

असं दीड वर्ष गेलं. सहावं सरताना एका बालशल्यचिकित्सकांकडे गेलो ते लघवीसाठी. त्यांनी पोटावर हात ठेवला, डाव्या बाजूला खाली दाबलं, आणि न बोलता एक्स-रे लिहून दिला. फिल्म काचेवर लावून मला जवळ बोलावलं. मला वाटलं होतं आतडं काळं, मोकळं दिसेल. उजव्या बाजूने वर, आडवं, मग डावीकडे खाली, सगळीकडे पांढुरके गोळे ठासून भरलेले होते.

"हे काय आहे सांगा."

मी गप्प.

"शी आहे. किती आठवड्यांची असेल देव जाणे. याला जुलाब नाहीत, याला भयंकर बद्धकोष्ठता आहे. वरून आलेलं पातळ या खड्यांच्या कडेकडेने वाट काढून खाली गळतं. तुम्ही गळती थांबवायचं औषध देताय आणि वर बांध आणखी पक्का होतोय."

बायको तिथेच रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुमची चूक नाही. ही गल्लत नेहमी होते." मग त्यांनी सांगितलं की भरलेलं आतडं लघवीच्या पिशवीवर दाबतं, ती नीट रिकामी होत नाही, म्हणून इन्फेक्शनं. पोटातला दाब वाढला तर शंटचं पाणीही काही मुलांत नीट उतरत नाही. म्हणजे ताप, डोकं, जेवण असं आम्ही जे वेगवेगळं धरून बसलो होतो, त्यातलं बरंचसं त्या एका फिल्मवर दिसत होतं.

माझ्या सासऱ्यांचा पिंपळगावजवळ द्राक्षाचा मळा आहे. त्या रविवारी त्यांना हे सगळं सांगताना मला शब्द सापडेनात. जावयाने सासऱ्यासमोर शी शी काय बोलायचं! त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाहुणे, ठिबकची लॅटरल नळी चोक झाली की असंच होतं. सांध्यातून पाणी झिरपत राहतं, आपल्याला वाटतं पाणी जातंय, आणि पुढची वेल वाळून जाते. झिरपतंय म्हणून कॉक बंद करून काय उपयोग? टोकाची बूच काढून फ्लश करावी लागते. आणि एकदा करून भागत नाही." मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो, पाइप आणि प्रेशर हा माझा रोजचा धंदा. तरी मला जे सुचलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. पुढे तीन वर्षं मी हेच वाक्य धरून चाललो.

पहिली सफाई दिवाळीच्या सुट्टीत केली. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर असते, पाण्यात विरघळते, चव जवळजवळ नसते. ती अंगात शोषली जात नाही, पाणी धरून ठेवून खडे मऊ करते. डॉक्टरांनी वजनावर हिशोब करून मोठा डोस पाच दिवसांसाठी दिला आणि बजावलं, "आधी गळती वाढेल. घाबरून बंद करू नका." पहिले दोन दिवस नुसतं पिवळं पाणी. बायको म्हणाली, "अहो, पोरगं वाळून जाईल." मी फोन केला, ते म्हणाले पाणी पाजत राहा, चालू ठेवा. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला तो कण्हत उठला. कमोडवर बसवलं. आधी काळपट, दगडासारखे गोळे, भांड्यावर आपटल्याचा आवाज येत होता. मग न थांबता मऊ. अर्धा तास. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत समोर उकिडवा बसलो होतो. बाहेर कुणाच्या तरी दारात पहिला फटाका वाजला. उठला तेव्हा बनियनखाली पोट सपाट दिसत होतं. इतकं सपाट मी ते वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्याने स्वतःच हात लावून पाहिला आणि विचारलं, "पप्पा, मी करंजी खाऊ?"

मग आम्ही चूक केली. तीन आठवडे सगळं छान चाललं, आणि आम्ही रोजचा लहान डोस बंद केला. शेजारी म्हणाले सवय लागेल, आतडं आळशी होईल, त्यापेक्षा इसबगोल द्या. जानेवारीत पोट पुन्हा टणक. डॉक्टर रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. महिनोन् महिने ताणलेलं आतडं फुगा ओढून सैल व्हावा तसं होतं, मूळ मापाला यायलाही महिनेच लागतात. या पावडरीने आतडं आळशी होत नाही. आणि ज्याचं आतडं नसांच्या बिघाडामुळे मुळातच संथ आहे, त्याला नुसता चोथा वाढवून दिला की गर्दीच वाढते. चोथा हवा, पण पाणी आणि हालचाल यांच्या बरोबरीने. पुन्हा पाच दिवसांची सफाई झाली. दुसऱ्या वेळी त्याने ग्लास तोंडाला लावताना माझ्याकडे जे पाहिलं, ते मला सहन झालं नाही. चूक आमची होती आणि पीत तो होता.

तेव्हापासून वही आहे. शंभर पानी, दर रविवारी मी रेघा मारतो: तारीख, वेळ, किती, कशी, चड्डी कोरडी की नाही. "कशी" साठी डॉक्टरांनी सात चित्रांचा तक्ता दिला. तो ब्रिस्टल तक्ता, १९९७ साली इंग्लंडात तयार झालेला, सगळीकडे हाच वापरतात. पोराने त्याला आपली नावं दिली. एक नंबर शेळीच्या लेंड्या, तीन नंबर मक्याचं कणीस, चार नंबर सोललेलं केळं, सहा नंबर पातळ खिचडी. रोज तीन-चार यावं, एवढं ध्येय. वहीमुळे डॉक्टरांकडे गेल्यावर "बरं आहे, तसं बरं नाही" हे बोलणं संपलं. त्यांनी वही उलटून पाहिली की डोस ठरतो.

"लागली की सांग" हे वाक्य आमच्या घरातून गेलं. ज्याला लागतच नाही त्याने काय सांगायचं? तो आता घड्याळाने जातो. जेवण पोटात पडलं की मोठं आतडं आपोआप थोडं हलतं, ती निसर्गाची सोय आहे, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी बसायचं. पाय लोंबकळत असतील तर जोर लागत नाही. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत, म्हणून देवघरातला जुना पाट पायाखाली घेतला. आईला आधी रुचलं नाही. मग तिनेच तो पुसून बाथरूममध्ये नेऊन ठेवला. कुंथण्यासाठी फुगा फुगवायला द्यावा असं कुणी सुचवलं होतं, पण डॉक्टरांनी फुगे घरातूनच बाहेर काढायला लावले. स्पायना बायफिडाच्या मुलांना रबराची, म्हणजे लॅटेक्सची, अ‍ॅलर्जी फार मोठ्या प्रमाणात होते. वाढदिवसाचे फुगेही नकोत, साधे रबरी हातमोजेही नकोत. त्याच्या आईने नवरात्रात कालिकेच्या यात्रेतून प्लास्टिकची पिपाणी आणली. पिपाणी वाजवताना पोट आवळलं जातं, जोर बरोबर खाली पडतो.

एवढ्याने निम्मं काम झालं. लेंड्या गेल्या, इन्फेक्शनं जवळपास थांबली. पण शाळेत आठवड्यातून दोन-तीनदा चड्डी खराब व्हायचीच, कारण दार धरून ठेवणारा स्नायू सैल तो सैलच.

शाळेबद्दल लिहायला हात जड होतो. पहिलीत त्याला खिडकीजवळ एकट्याला बसवलं होतं. वर्गशिक्षिका फोन करून म्हणायच्या, "घेऊन जा, मुलं नाकं दाबतायत." एकदा गेलो तर तो व्हरांड्यात दप्तरावर बसला होता, आणि आत कविता चालली होती. मी भांडलो नाही, घेऊन आलो. पुढच्या वर्षी शाळा बदलली. या वेळी प्रवेशाच्या आधीच सिव्हिलमधून काढलेलं दिव्यांग प्रमाणपत्र आणि वही घेऊन मुख्याध्यापिकांसमोर बसलो. २०१६ च्या कायद्याने अशा मुलाला शिकायचा आणि शाळेने लागेल ती सोय करून द्यायचा हक्क आहे, हे मी पाठ करून गेलो होतो. बाईंनी कायदा ऐकून घेतला आणि विचारलं, "त्याला काय लागेल तेवढं सांगा." शिक्षकांच्या संडासाची एक किल्ली, एक बादली, मधल्या सुट्टीत मावशींची दहा मिनिटं. यापलीकडे काही लागत नव्हतं.

सातव्या वर्षी डॉक्टरांनी पाण्याने धुण्याची पद्धत सुरू करायचं ठरवलं. गुदद्वारातून कोमट पाणी सोडून मोठ्या आतड्याचा खालचा भाग रिकामा करायचा, म्हणजे पुढचा दिवस-दीड दिवस तिथे गळायला काही उरतच नाही. बाजारात मिळतो तो तयार एनिमा वेगळा. त्यात फॉस्फेट असतं, आणि लहान मुलांना तो वरचेवर दिला तर रक्तातले क्षार बिघडतात, तो आपल्या मनाने द्यायचा नाही. आमच्याकडे एक पिशवी, नळी, नळीवर चाकाचा क्लॅम्प आणि टोकाला सिलिकॉनचा कोन आहे. लॅटेक्स कशातच नाही. दोन वेळा दवाखान्यात सिस्टरांनी करून दाखवलं, तिसऱ्या वेळी त्यांच्यासमोर मी केलं, मगच घरी.

घरचा पहिला दिवस फसला. मी सगळं मापून ठेवलं होतं. उकळून निववलेलं एक लिटर पाणी, नऊ ग्रॅम मीठ काट्यावर तोललेलं, कामाला असतं तसं. पण पाणी निवून गार झालंय हे पाहिलंच नाही. शंभर मिलिलिटर गेलं असेल, तो पांढरा पडला, कपाळावर घाम, "पप्पा, बंद करा." क्लॅम्प ओढला. पोटात मुरडा मारून सगळं पाणी तसंच बाहेर आलं. त्या रात्री तो माझ्याजवळ झोपला नाही, आजीजवळ झोपला.

दोन दिवसांनी पुन्हा केलं. या वेळी पाण्यात त्याचं कोपर बुडवलं, माझं नाही. "गार लागतंय की गरम?" "काहीच नाही लागत." बरोबर, अंगाएवढंच कोमट हवं. पिशवी सुरुवातीला मी हातात धरायचो, हात दुखून खालीवर व्हायचा की पाण्याचा वेग बदलायचा आणि त्याला कळ यायची. म्हणून भिंतीत खिळा मारला. उंचीसाठी तीन भोकं पाडावी लागली. फार वर असला तर पाणी जोरात येतं, खाली असला तर येतच नाही. तिसऱ्या खिळ्यावर दोनशे मिलिलिटर सात-आठ मिनिटांत सावकाश गेलं. कोन काढला, पायाखाली पाट, पिपाणी. आधी पाणी, मग तक्त्यातलं चार नंबर, मग पुन्हा पाणी. एकूण पाऊण तास. दुसऱ्या दिवशी शाळेतून चड्डी कोरडी आली. बायकोने ती उलटसुलट करून पाहिली, नाकाला लावली, आणि काही न बोलता कपाटात ठेवली.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. महिनाभर कधी पाणी रात्री अंथरुणात गळायचं, कधी काहीच बाहेर यायचं नाही. डॉक्टरांनी पाणी वजनाच्या हिशोबाने वाढवत तीनशेच्या वर नेलं, पावडरचा डोस कमी केला. तीन महिन्यांनी रोजच्याऐवजी दिवसाआड केलं. काही गोष्टी भिंतीवर लिहून चिकटवल्यात: जोराने कळ आली, रक्त दिसलं, ताप आला तर थांबायचं आणि फोन करायचा, कोन अडला तर ढकलायचा नाही, पोटाचं ऑपरेशन झालं तर विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही. आतड्याला भोक पडण्याचा धोका फार कमी, पण असतो. तो विसरून चालत नाही.

पुढची वाटही त्यांनी दाखवून ठेवली आहे. अ‍ॅपेंडिक्सचं टोक बेंबीपाशी आणून छोटं दार करायचं, तिथून वरून पाणी सोडायचं. १९९० मध्ये मलोन नावाच्या सर्जननी ही पद्धत मांडली. त्यात मुलगा स्वतःचं स्वतः करू शकतो. आम्ही अजून हो म्हटलेलं नाही. पोट त्याचं आहे, त्याला समजण्याइतका मोठा झाला की विचारू. मधल्या काळात क्लॅम्प तो स्वतः फिरवतो, पाणी तो तपासतो, वहीत त्याच्या अक्षरात लिहितो. मी पहिली शिफ्ट करून चारपर्यंत घरी येतो, साडेआठचं काम माझं. त्याच्या आईने फार धुतलं, आता हे मी करतो, असं आमचं ठरलंय.

या मार्चमध्ये सासऱ्यांचा मळ्यातून फोन आला. तिथे आजवर खड्ड्याचा संडास होता, त्यामुळे नातू कधी एका दिवसाच्या वर राहिला नव्हता. त्यांनी छाटणीच्या मजुरीतून पैसे बाजूला काढून कमोड बसवून घेतला होता. मे महिन्यात पंधरा दिवस पाठवा म्हणाले, बाकी सगळं मी बघतो.

"पाहुणे, गवंडी अजून इथंच आहे. पिशवीचा खिळा किती उंचावर मारायचा?"

मी मोजपट्टी आणायला उठलो. तेवढ्यात पोराने फोन हातातून घेतला.

"नाना, तुम्ही आधी कमोडवर बसा. बसलात? आता मी तुमच्याएवढा नाही ना, म्हणून तुमच्या खांद्याला खूण करा. आणि तिथून एक वीत वर."

पलीकडून गवंड्याला हाक मारल्याचा आवाज आला, मग भिंतीवर पेन्सिल घासल्याचा.